मोकळ्या हवेचा आकडा

शून्य. शून्य. एक. शून्य.

दर पाच सेकंदांनी लॅपटॉपवर एक आकडा येत होता आणि मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी पोह्यांची बशी घेऊन तो बघत बसले होते. मंगळवार होता, आठवडी बाजाराचा दिवस. अकरा वाजून त्रेचाळीस मिनिटं झाली होती. आमच्या घरापासून दोन किलोमीटरवर, जुन्या बसस्थानकामागच्या ड्रेनेजच्या चेंबरमध्ये नामदेव उतरला होता, आणि त्याच्या गळ्यातलं माझं यंत्र मला सांगत होतं की आत विषारी वायू नाही.

"आई, बघ ना. शून्य!"

"शून्याचं एवढं कौतुक आजच ऐकतेय," आई म्हणाली. "शाळेत आणलं असतंस तर बाबांनी घराबाहेर उभं केलं असतं. पोहे खा, गार झाले."

मी हसले. त्या महिन्यात मी फार हसायचे. पुण्याची नोकरी सोडून घरी आले होते आणि आयुष्यात पहिल्यांदा आपण काही उपयोगाचं केलं असं वाटत होतं.

नामदेवची आणि माझी ओळख आमच्या दारातच झाली. घरासमोरचं चेंबर तुंबलं, नगरपालिकेची गाडी नेहमीप्रमाणे बंद होती, म्हणून ठेकेदाराने दोन माणसं पाठवली. माणसाला आत उतरवायचं नाही असा कायदा आहे. तो मला माहीत होता, ठेकेदाराला माहीत होता, आणि जो उतरत होता त्यालाही माहीत होता. तो नामदेव, तिशीचा, किडकिडीत, सदान्‌कदा थट्टा करणारा. काठावर दोरी धरून बसलेले ते भिवामामा. नात्याने त्याचे सख्खे मामा आणि सासरेही. मामांनी तीस वर्षं हेच काम केलं होतं. गुडघे गेल्यावर ते वर बसायला लागले.

नामदेव वर आला तेव्हा त्याचे डोळे लालभडक झाले होते. मी पाणी दिलं आणि अगदी शहाण्यासारखं विचारलं, "आत फार वास येत असेल ना?"

"वास येतोय तवर बरं असतंय ताई," तो म्हणाला. "वास यायचा थांबला की भ्यायचं."

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी शोधलं, तर खरंच होतं. चेंबरमधला विषारी वायू वाढला की आधी नाक मारतो आणि मग माणूस.

मी वेबसाइटी बनवणारी. मला एकच भाषा नीट येते, जावास्क्रिप्ट. पडद्यावरची बटणं हलवायची, चित्रं सरकवायची भाषा. तीच भाषा तळहाताएवढ्या बोर्डावरही चालते, त्याला सेन्सर जोडता येतात, तो इंटरनेटवरून घरी आकडे पाठवतो, हे कळल्यावर मला स्वर्ग दोन बोटं उरला. तीन महिने खपून मी एक यंत्र बनवलं. लहान मुलांच्या खाऊच्या डब्यात बसणारं. एक सेन्सर, एक हिरवा दिवा, एक लाल दिवा, एक भोंगा आणि एकच बटण.

त्या एका बटणाचा मला केवढा गर्व होता! हे स्वस्त सेन्सर लहरी असतात. एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नाही, आजचा कालच्याशी जुळत नाही. म्हणून मी प्रोग्रामात युक्ती केली होती. बटण दाबलं की पहिली तीस सेकंदं यंत्र आपलं आपण आकडे गोळा करणार, त्यांची सरासरी काढणार आणि ती 'मोकळी हवा' या नावाखाली ठेवणार. मग हिरवा दिवा लागणार. पुढच्या प्रत्येक आकड्यातून ती मोकळी हवा वजा करून दाखवायची. फरक नाही म्हणजे शून्य. फरक वाढला की लाल दिवा आणि भोंगा. कुणाला काही जुळवायला नको, शिकायला नको. बटण दाबा, हिरवा दिवा बघा, कामाला लागा.

नामदेव रोज सकाळी ठेकेदाराच्या गोदामाच्या नळावर पाणी भरताना बटण दाबायचा. पंधरा दिवसांत यंत्राने दोनदा भोंगा वाजवला होता आणि दोन्ही वेळा तो धावत वर आला होता. दुसऱ्या वेळी त्याने यंत्राला हळदकुंकू लावलं.

भिवामामांना मात्र ते डोळ्यासमोर नको होतं. आदल्या दिवशी, सोमवारी, मी गोदामात गेले ती मामांची समजूत घालायलाच.

"डबा कुठं सांगतोय व्हय, आत काय हाय ते," मामा म्हणाले. "आमी कंदील सोडायचो. पेटवायचा, दोरीनं आत सोडायचा. विझला की समजायचं. आन माणूस आत गेला की हाळी."

हाळी म्हणजे त्यांची जुनी रीत. काठावरच्याने दर दहा श्वासांनी नावाने हाक मारायची आणि आतल्याने "जी" म्हणायचं. एक "जी" चुकला की दोरी ओढायची, विचारायचं नाही.

आणि मला नेमकी त्या हाळीचीच अडचण होत होती. माझा भोंगा होता बारका. दोघांच्या आरडाओरड्यात तो ऐकू येत नव्हता.

"मामा, उद्यापासून हाळी बंद," मी म्हटलं. "तुम्ही शांत बसायचं आणि भोंगा ऐकायचा. माणसाच्या आवाजाआधी यंत्राला कळतं."

मामांनी नामदेवकडे बघितलं.

"ऐका की मामा," नामदेव म्हणाला. "ताई रोज घरनं बघतेत आपल्याला. माझी बायको पन एवढं बगत न्हाई."

"तिच्या बापासमोर बोलतोस," मामा म्हणाले, पण त्यांच्या मिशा हलल्या.

"दुसरं," मी म्हटलं. यंत्राला इंटरनेट मिळायचं ते मामांच्या फोनवरून. फोन हातगाडीवर ठेवलेला असायचा. "काम चालू असताना फोन वाजला तरी उचलायचा नाही. फोन आला की नेट तुटतं. मला आकडे दिसत नाहीत."

"बरं."

"आणि यंत्राला घाबरायचं नाही. कंदीलच समजा की त्याला. तुम्ही कंदील सोडत होतात ना? हा नवा कंदील."

मामांनी डबा हातात घेऊन उलटापालटा केला. अंगठा बटणावरून फिरवला.

"विझला तर?"

"विझत नाही. लाल होतो."

"बरं," मामा पुन्हा म्हणाले. मला वाटलं, जिंकले.

तर मंगळवारी अकरा त्रेचाळीसला मी पोहे संपवले आणि ठरवलं की या शून्यांचं एक चित्र काढून नगरपालिकेच्या अभियंत्याला पाठवावं. नुसते शून्य बघून त्याला काय कळणार, म्हणून मूळ आकडेही दाखवावेत. मी यंत्राची आतली नोंद उघडली. तिथे सेन्सरचे कच्चे आकडे होते आणि वर एकच ओळ.

मोकळी हवा: ६८८.

मी ती ओळ दोनदा वाचली. मग कालची नोंद काढली. मोकळी हवा: २१४. परवाची २०९. त्याआधीची २२१. पंधरा दिवसांत तो आकडा कधी अडीचशेच्या वर गेला नव्हता.

सेन्सर बिघडला असेल, हे मनात आलं. बिघडलेला सेन्सर असा स्थिर बसत नाही, हेही लगेच आलं. खालचे कच्चे आकडे बघितले. ६८९, ६८८, ६९१, ६९०. भोंगा वाजायचा तो सव्वातीनशेला.

कुणीतरी बटण दाबलं होतं ते यंत्र वायूत असताना. यंत्राने ती तीस सेकंदं विष मोजलं होतं, त्यालाच मोकळी हवा म्हटलं होतं, आणि आता त्या विषातून विष वजा करून मला शून्य दाखवत होतं. भोंगा वाजणार नव्हता. लाल दिवा लागणार नव्हता. कारण मी यंत्राला शिकवलंच तसं होतं.

"नामदेव, गाढवा, नळावर का नाही चालू केलंस!" मी एकटीच ओरडले. आई हातातलं लाटणं घेऊन धावत आली.

मी मामांना फोन लावला. रिंग वाजत राहिली, वाजून वाजून बंद पडली. पुन्हा लावला आणि लावल्या लावल्या आठवलं. मामा उचलणार नव्हते. मीच सांगितलं होतं.

मग सुचलं की यंत्राला घरून हुकूम देता येतो. भोंगा वाजवायची एक ओळ होती, चाचणीसाठी लिहिलेली. तेवढी एक ओळ मी दोनदा चुकवली. तिसऱ्यांदा बरोबर लिहिली आणि पाठवली.

पडद्यावर उत्तर आलं: संपर्क तुटला.

माझ्याच फोनने नेट तोडलं होतं.

मी फोन कापला, थांबले, पुन्हा ओळ पाठवली. संपर्क तुटला. पुन्हा. संपर्क तुटला. अकरा सत्तेचाळीस. देवाशपथ सांगते, त्या दोन मिनिटांत मी यंत्राच्या पाया पडले, लॅपटॉपच्या पाया पडले. "लाग ना रे, लाग ना," असं रडत रडत म्हणत होते. आई विचारत होती काय झालं, आणि मला सांगता येत नव्हतं. शेवटी लॅपटॉप तसाच टाकून चप्पल न घालता स्कूटरची किल्ली घेतली.

आठवडी बाजार रस्त्यावर आला होता. भाज्यांच्या पाट्या, मिरच्यांची पोती, मध्येच आडवा लावलेला टेम्पो. मी हॉर्नवरचा अंगठा काढला नाही. एका बाईची लिंबं चाकाखाली गेली, तिने शिव्या घातल्या. मी ओरडत होते, "सरका, माणूस मरतोय, सरका!" आणि लोक सरकण्याऐवजी कुठे मरतोय ते बघायला वळत होते. शेवटी गोलचौकात स्कूटर आडवी पडली. मी ती तिथेच सोडली आणि पळत सुटले.

बसस्थानकाच्या मागच्या भिंतीला वळसा घातला आणि मला भिवामामा दिसले.

चेंबरच्या काठावर ते उकिडवे बसले होते. एक हात दोरीवर, मान वाकडी, कान चेंबरच्या तोंडाकडे. मी ओरडत येताना बघून त्यांनी दुसऱ्या हाताचं बोट ओठांवर ठेवलं.

"श्शू," ते म्हणाले. "भोंगा ऐकू ईत न्हाई."

"ओढा! मामा, दोरी ओढा!"

"वाजला न्हाई की."

"ओढा!"

मी दोरीवर झेपच घेतली. मामांचा चेहरा बदलला आणि तेही ओढायला लागले. दोरी जड होती. अशी जड दोरी त्यांना माहीत असावी, कारण ते मोठ्याने "नामा! नामा रं!" अशा हाका मारायला लागले. दर दहा श्वासांनी नाही, श्वास न घेता. आतून "जी" आला नाही. भजीच्या गाड्यावरची बाई धावली, दोन रिक्षावाले धावले. सहा हातांनी, मग दहा हातांनी आम्ही त्याला वर घेतलं.

त्याचे ओठ निळे पडले होते. गळ्यातला डबा चिखलाने माखला होता आणि त्यातून हिरवा दिवा दिसत होता.

एक रिक्षावाला आत डोकावून बघायला वाकला, त्याला मी मागे खेचलं. दुसऱ्याने रिक्षा आणली. मी नामदेवची छाती दाबत होते, जशी कुठल्याशा व्हिडिओत बघितली होती तशी. बरोबर करत होते की नाही, आजही माहीत नाही. भजीवाली त्याच्या तोंडावर पाणी मारत होती. मामांनी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि ते हाळी देत होते. सरकारी दवाखान्यापर्यंत सगळा रस्ता हाळी. आणि प्रत्येक खड्ड्याला तो डबा त्याच्या छातीवर उडत होता, हिरवा. मला तो बघवेना. बंद करायचं बटण मी ठेवलंच नव्हतं. शेवटी मी झाकण उघडलं आणि बॅटरीची वायर उपटून काढली.

दवाखान्यात त्याला आत नेलं. आम्हाला बाहेर बसवलं. पाऊण तासाने तरुण डॉक्टरीण बाहेर आली. तिने आमच्यापैकी कुणाचं नातं जवळचं ते विचारलं, तेव्हाच कळलं.

मामा रडले नाहीत. त्यांच्या मुलीला, वनिताला, आणायला कुणीतरी गेलं होतं. मामा अंगणातल्या कडुलिंबाच्या पारावर जाऊन बसले. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. माझे पाय फुटले होते. मला सगळं सांगून टाकायचं होतं. मोकळी हवा, ६८८, वजाबाकी, सगळं. कुणी आत नेऊन बटण दाबलं म्हणून हे झालं, आणि असं दाबायचं नसतं हे मी कधी सांगितलं नाही. ही चूक माझी. तोंड उघडणार, एवढ्यात मामाच बोलले.

"मशीन मीच चालू केलती आज."

मी वर बघितलं.

"नामा म्हनला, मामा, आज तुमी हात लावा. तुमचा राग गेला आसं ताईला कळंल." त्यांचे हात दोरीच्या वळांनी लाल झाले होते. "तू सांगितलं तसंच केलं बग पोरी. कंदीलच म्हनलीस ना? चेंबरचं झाकण काढलं. बटण दाबलं. दोरी बांदली आन लगीच आत सोडला. हिरवा लागंस्तवर थांबलो. लागला. वर घेतला आन माझ्या हातानं नामाच्या गळ्यात घातला. म्हनलं, जा. शांत बसलो. हाळी दिली न्हाई. फोन वाजला, दोनदा वाजला. उचलला न्हाई."

"बरोबर केलं न्हवं मी?" मामांनी विचारलं. "काय चुकलं आसंल तर सांग. माझ्या लेकीचं कुकू हाय ते. मला कळाया पायजे."

त्या माणसाने त्या दिवशी एकूणएक गोष्ट माझ्या शब्दाबरहुकूम केली होती. मी एक वाक्य बोलले असते तर ते खरं ठरलं असतं, आणि त्या वाक्यासह मामा उरलेलं आयुष्य जगले असते.

"बरोबर केलंत, मामा," मी म्हटलं. "मी सांगितलं होतं अगदी तसंच."

"मग?"

"यंत्र खोटं निघालं."

"आपनहून?"

"हो."

"कुनी बनवलं ते?"

"मी."

मामांनी माझ्याकडे बघितलं. ते मला मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते उठले, पाराच्या पलीकडच्या बाजूला गेले आणि माझ्याकडे पाठ करून बसले. थोड्या वेळाने दवाखान्याच्या फाटकातून वनिताचा आवाज आला.

पुढे चौकशी झाली. मी लिहून दिलं की दोष यंत्राचा आहे, आणि यंत्र माझं आहे. कुठे चालू केलं, कुणी चालू केलं, ते कुणी विचारलं नाही. नोंदीतली ती ६८८ची ओळ मी कधीच कुणाला दाखवली नाही. पुन्हा कुठल्या बोर्डाला हातही लावला नाही. ठेकेदार बदलला. त्या चेंबरमध्ये पुढच्याच वर्षी पुन्हा माणूस उतरवला, हेही मला माहीत आहे.

आठ वर्षं भिवामामा रस्त्यात समोर आले की पलीकडून जायचे. एकदा औषधाच्या दुकानात आमची गाठ पडली. दुकानदाराने नाव घेऊन मला हाक मारली, तेव्हा ते औषध न घेताच बाहेर पडले. मी ते मान खाली घालून सोसलं. कधीकधी रागही यायचा, खोटं का सांगू? वाटायचं, धावत जावं आणि म्हणावं, अहो मामा, तुमच्याच अंगठ्याने. आणि मग पाराच्या पलीकडची ती पाठ आठवायची.

मागच्या महिन्यात ते गेले. मी अंत्ययात्रेत सगळ्यांच्या मागे चालले. परत फिरताना वनिता माझ्यापाशी आली. आठ वर्षांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती.

"बा शेवटपतुर एकच सांगायचा," ती म्हणाली. "म्हनायचा, माझ्या हातनं काय चुकलं न्हाई, मी समदं बरोबर केलतं. रोज म्हनायचा. खरं का वं?"

"खरं," मी म्हटलं. "सगळं बरोबर केलं होतं त्यांनी."